शब्दचर्चा : विज्ञानकथेचे ‘फेन’ मराठीत कोण?

विज्ञानकथांच्या निस्सीम चाहत्यांवरचा एक लेख मराठीत आणते आहे. ही मंडळी एकमेकांना ‘फेन’ म्हणतात. ‘चाहते’ लिहून काम भागतं, पण काहीतरी निसटतं. दुसरा शब्द सुचवाल का?

— निसटतं खरंच. इंग्रजीत ‘मॅन’चं अनेकवचन ‘मेन’. त्याच चालीवर त्यांनी ‘फॅन’चं ‘फेन’ केलं. शब्द घरातच घडलेला आहे. ‘फॅनझिन’ही तसाच, १९४० मधला : चाहत्यांनी चाहत्यांसाठी काढलेलं हौशी नियतकालिक. लेखात ‘साय-फाय फॅन’ मात्र लिहू नका. ‘हाय-फाय’च्या धर्तीवरचा ‘साय-फाय’ फॉरेस्ट अ‍ॅकरमन या चाहत्यानेच १९५४ मध्ये रूढ केला, तरी जुन्या जाणत्यांना तो खटकतो. राक्षस आणि उडत्या तबकड्यांच्या सवंग चित्रपटांसाठी ते तो राखून ठेवतात. स्वतःच्या आवडीला ‘सायन्स फिक्शन’ची आद्याक्षरं घेऊन ‘एसएफ’ म्हणतात. ‘स्टार ट्रेक’ या टीव्ही मालिकेच्या चाहत्यांतही काहींना ‘ट्रेकी’ पोरकट वाटतं, ते स्वतःला ‘ट्रेकर’ म्हणवतात.

आता मराठीकडे. ‘फॅन’ आला ‘फनॅटिक’वरून आणि त्याच्या मुळाशी लॅटिन ‘फानुम’, म्हणजे देऊळ. त्या न्यायाने ‘भक्त’ सर्वांत जवळचा. पण भक्त देवाची उलटतपासणी घेत नाही. ही माणसं लाडक्या कथेतही निर्वात पोकळीत स्फोटाचा आवाज आला, की लेखकाला धारेवर धरतात. ‘रसिक’ प्रेक्षागृहात बसून दाद देतो. हे स्वतः लिहितात, छापतात, संमेलनं भरवतात. मला ‘दर्दी’ आवडतो. गाण्यातला दर्दी म्हटलं की त्यात जाणकारीही आली आणि जीव टाकणंही आलं. ‘फेन’ एकदा तसाच ठेवा, पुढे ‘दर्दी’ चालवा.

— ‘फेन’ तसाच ठेवायला माझा विरोध आहे. मराठीत फेन म्हणजे फेस! वाचक तिथेच अडखळेल. आणि ‘दर्दी’ ही पदवी दुसऱ्याने द्यायची असते; ‘मी दर्दी आहे’ असं कुणी स्वतःबद्दल म्हणत नाही. प्रश्न तर ते स्वतःला काय म्हणवतात हा आहे. ‘नाटकवेडा’, ‘पुस्तकवेडी’ हे शब्द माणसं स्वतःबद्दल अभिमानाने वापरतात. ‘विज्ञानकथावेडे’ का नको? शिवाय वेडा–वेडी–वेडे, तिन्ही रूपं हाताशी आहेत.

— हे पटलं. मथळ्यात ‘विज्ञानकथावेडे’ घेते. ‘मॅन–मेन’ची गंमत पहिल्या परिच्छेदातच सांगते, म्हणजे फेसाचा घोटाळा होणार नाही. ‘दर्दी’ त्यांच्यातल्या ज्येष्ठांसाठी राखून ठेवला आहे.