प्रति: कर्नलमधून पीसीआय काढलं तर चालेल का?
दादा, लिनक्सचा कर्नल (सिस्टीमचा गाभा) हलका करायला बसच्या (म्हणजे मशीनचे भाग जोडणाऱ्या मार्गांच्या) पर्यायांतून पीसीआय काढू का, असं तुम्ही विचारलंय. नका काढू! सॅटा कंट्रोलर (डिस्क जोडणारा), यूएसबी, लॅन कार्ड, सगळं त्याच बसवर असतं. मी परभणीत जुन्या डेस्कटॉपवर हा उद्योग केला होता. रात्रभर कंपाइल (सोर्समधून कर्नल बनवणं), त्यात दोनदा लाइट गेली (बरं, मेक ही कंपाइलची कमांड पुन्हा चालवली की झालेल्या फाइली परत करत नाही). सकाळी बघतो तर रूट फाइलसिस्टीम (सिस्टीमच्या मुख्य फाइलींची जागा) सापडेना म्हणून कर्नल पॅनिक, म्हणजे मशीन तिथंच ठप्प, यूएसबी कीबोर्डही मुका. शेवटी ग्रबमधल्या (मशीन सुरू होताना कर्नल निवडायच्या मेनूतल्या) जुन्या कर्नलनं वाचवलं, तो उडवू नका.

आयएसए ही जुनी बस खुशाल काढा. ६४ बिट इंटेल-एएमडीवर तो पर्याय दिसतच नाही. एमसीए ही दुसरी जुनी बस तर लिनक्स ३.५ मध्येच गेलं. आधी ‘lspci -k’ (एलएसपीसीआय -के; पीसीआयवरचे भाग आणि त्यांचे ड्रायव्हर दाखवणारी कमांड) चालवा आणि वापरातले ड्रायव्हर वहीत उतरवा.