स्पॅनिश: तक्ते सगळे पाठ आहेत, पण स्वतः लिहिताना भूतकाळ कुठला घ्यायचा ते ठरत नाही

चाफेकळी

नमस्कार मंडळी. मी स्पॅनिश शिकतेय, सध्या बी१ (मधली पातळी) चालू आहे आणि पुढे डेले ही स्पॅनिशची प्रमाणपत्र परीक्षा द्यायचा विचार आहे. क्रियापदांचे तक्ते पाठ आहेत, झोपेतून उठवून विचारलं तरी तेनेर, आसेर, पोनेर, देसीर यांचं इंदेफिनीदो (गेलो, केलं असा साधा भूतकाळ) सांगेन. गाळलेल्या जागा भरायलाही अडत नाही कारण तिथे आयेर (काल) नाहीतर सिएम्प्रे (नेहमी) असा काहीतरी शब्द दिलेला असतोच, तो बघायचा आणि रूप टाकायचं. पण आपल्या मनाने चार ओळी लिहायच्या म्हटलं की सगळा घोळ. गेल्या आठवड्यात लहानपणीची एखादी आठवण लिहून आणायला सांगितलं होतं, मी हे लिहिलं (सगळ्यांना वाचता यावं म्हणून देवनागरीत देतेय):

क्वांदो फुई नीन्या, कादा मायो फुईमोस आ ला कासा दे मी आबुएला. उन दीआ योबीआ मूचो इ एल आउतोबूस से पाराबा एन एल घाट. मी तीओ बीनो कोन उन पाराग्वास इ नोस येबाबा आ कासा.

म्हणजे, मी लहान होते तेव्हा दर मे महिन्यात आजीकडे जायचो, एक दिवस खूप पाऊस पडत होता, बस घाटात थांबली, मामा छत्री घेऊन आला आणि आम्हाला घरी घेऊन गेला.

फुई, फुईमोस, पाराबा, येबाबा या चारही शब्दांखाली लाल रेघ. योबीआला मात्र हात लावलेला नाही. आता मला सांगा, पाऊस आणि बस दोन्ही त्याच दिवशीचे ना? बस तर तासभर उभी होती. आम्हाला शिकवलंय की लांबलेली क्रिया असेल तर इम्पेर्फेक्तो (जायचो, जात होतो असा अपूर्ण भूतकाळ) आणि झटकन झालेली असेल तर इंदेफिनीदो, मग तासभर थांबलेली बस इंदेफिनीदोत कशी काय? सरांना विचारलं तर म्हणाले वाचन वाढव, येईल आपोआप. वाचन चालूच आहे हो, पण लिहिताना ठरवायचं कशावरून?

अक्षरओळख

चाफेकळी, आधी तो लांबलेली आणि झटकन वाला नियम डोक्यातून काढून टाका, खरंच सांगतो, त्या नियमाने जितके विद्यार्थी गोंधळतात तितके कशानेच गोंधळत नाहीत. 'बिबी बेइन्ते आन्योस एन मेक्सिको', वीस वर्षं मेक्सिकोत राहिलो, वीस वर्षं म्हणजे काही थोडाथोडका काळ नाही तरी तिथे इंदेफिनीदोच येतं, कारण तो काळ सुरुवातीपासून शेवटापर्यंत एक सबंध गोष्ट म्हणून सांगितलाय. आणि 'आ लास ओचो सालीआ दे कासा क्वांदो सोनो एल तेलेफोनो', आठ वाजता मी घराबाहेर पडत होतो तेव्हा फोन वाजला, मध्ये घराबाहेर पडणं हे दोन सेकंदांचं काम, तरी सालीआ, इम्पेर्फेक्तो. वेळ किती लागला याचा काडीचाही संबंध नाही.

संबंध कशाशी आहे, तर सांगणारा ती क्रिया पुरी झालेली म्हणून समोर ठेवतोय, की तिच्या मधोमध उभा राहून बघतोय याच्याशी. आन्द्रेस बेय्यो नावाचा मोठा व्याकरणकार होऊन गेला, मूळचा व्हेनेझुएलाचा, त्याचं व्याकरण 1847 मध्ये चिलीत छापलं गेलं, त्याने इम्पेर्फेक्तोला नाव दिलं कोप्रेतेरितो. को म्हणजे सोबत. एका भूतकाळाच्या सोबतीने चालू असलेला दुसरा भूतकाळ. मेक्सिकोच्या शाळांत अजून हेच नाव चालतं, आणि रेआल आकादेमिया या स्पॅनिश भाषेच्या अधिकृत संस्थेच्या ऑनलाइन शब्दकोशात कुठल्याही क्रियापदाचा तक्ता उघडलात तर इम्पेर्फेक्तोच्या शेजारी कोप्रेतेरितो लिहिलेलं दिसेल. मला स्वतःला हे नाव फार आवडतं कारण अपूर्ण भूतकाळ म्हटलं की काही उलगडत नाही, कोप्रेतेरितो म्हटलं की काम काय आहे तेच कळतं.

आता तुमचा परिच्छेद घ्या. प्रत्येक क्रियापदापाशी थांबून मराठीत विचारा, हे 'मग काय झालं?' चं उत्तर आहे, की 'तेव्हा काय चाललं होतं, कसं असायचं?' चं? मग काय झालं, बस थांबली. मग काय झालं, मामा आला. मग? घरी घेऊन गेला. से पारो, बीनो, नोस येबो. गोष्ट एकेक पाऊल पुढे सरकतेय. पाऊस मात्र 'मग काय झालं' मध्ये बसत नाही, बस थांबली तेव्हा तो पडतच होता आणि मामा आला तेव्हाही पडत असणार, तो सोबत चाललाय म्हणून योबीआ. बस तासभर थांबली की पाच मिनिटं, त्याने काहीच बदलत नाही.

आणि तेच पाऊस पडणं नुसतं काय घडलं म्हणून सांगायचं असेल तर 'आयेर योबियो मूचो', काल खूप पाऊस पडला. क्रियापद तेच, पाऊसही हवा तर तोच धरा, सांगणाऱ्याची नजर तेवढी बदलली.

'से पाराबा' सुद्धा व्याकरणाने चुकीचं नाहीये बरं का, पण त्याचा अर्थ बस थांबायची किंवा थांबत होती असा होतो, आणि वाचणारा पुढच्या वाक्याची वाट बघत बसतो की थांबत होती तेवढ्यात झालं काय.

बेस्टचा_वाहक

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन, पण मला आणखी एक वेगळंच दिसलं. चाफेकळी, तुम्ही खाली मराठीत जे लिहिलंय ते बघा जरा. 'दर मे महिन्यात आजीकडे जायचो.' तुम्ही 'गेलो' लिहिलं नाहीत, 'जायचो' लिहिलंत, एका क्षणाचाही विचार न करता. मग स्पॅनिशमध्ये फुईमोस कुठून आलं? इंग्रजीतून. इंग्रजीत दर मे महिन्यात जायचो आणि काल गेलो या दोन्हीला एकच रूप चालून जातं, तुम्ही मधे इंग्रजीचा थांबा घेतलात आणि मराठीत आयता मिळालेला फरक तिथेच उतरून गेला. आपली पुस्तकं इंग्रजीतली, अ‍ॅपं इंग्रजीतली, त्यामुळे हे सगळ्यांचंच होतं. थेट मराठीवरून जा. जायचो, ईबामोस. खायचो, कोमीआमोस. पडत होता, योबीआ. थांबली, से पारो. मराठीत यचो, यची किंवा त होतो, त होती आलं की जवळजवळ डोळे मिटून इम्पेर्फेक्तो घ्या, आणि साधं थांबली, आला, गेला असेल तर इंदेफिनीदो. इम्पेर्फेक्तोत अनियमित क्रियापदं तरी किती, सेर (असणं), ईर (जाणं) आणि बेर (बघणं), तीनच.

गुस्तार म्हणजे आवडणं, त्याचंही तसंच. इंग्रजीवाल्यांना त्यावर अख्खा धडा लागतो. आपल्याला? मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात. मे गुस्ता एल मांगो, मे गुस्तान लोस मांगोस. क्रियापद आंब्यामागे जातं, माझ्यामागे नाही, हुबेहूब आपल्यासारखं. सिनेमा आवडला, मे गुस्तो. लहानपणी आवडायचा, मे गुस्ताबा.

मिरज_मसाला

बेस्टचा वाहक यांचं म्हणणं क्रियेच्या क्रियापदांपुरतं शंभर टक्के खरं, पण होता, होती, होते आलं की मराठी दगा देते आणि ते आत्ताच सांगितलेलं बरं. चाफेकळीची पहिली लाल रेघ त्याचीच आहे. 'मी लहान होते तेव्हा', इथे मराठीत नुसतं होते आहे, त्यावरून काही ठरत नाही. लहान असणं हे मग काय झालं चं उत्तर नाही, म्हणून एरा नीन्या.

मराठी होता ला स्पॅनिशमध्ये चार दारं आहेत, एरा, फुए, एस्ताबा, एस्तूबो, आणि इथे मेहनत घ्यावीच लागते. काल मी माद्रिदला होतो, 'आयेर एस्तूबे एन माद्रिद', काल हा दिवस संपला आणि मी त्या संपलेल्या दिवसाचा हिशेब देतोय. तू फोन केलास तेव्हा मी माद्रिदला होतो, 'क्वांदो मे यामास्ते, एस्ताबा एन माद्रिद', कारण आता माद्रिदला असणं फोनच्या सोबत चाललंय. मराठी दोन्हीकडे होतो वर थांबते.

तसंच माहीत होतं. 'साबीआ' म्हणजे माहीत होतं, पण 'सुपे' म्हणजे त्या क्षणी कळलं, समजलं. 'कोनोसीआ' म्हणजे आधीपासून ओळखत होतो, 'कोनोसी' म्हणजे पहिल्यांदा ओळख झाली. 'नो केरीआ ईर' म्हणजे जायची इच्छा नव्हती, गेला का नाही ते गुलदस्त्यात, 'नो कीसो ईर' म्हणजे साफ नाही म्हणाला. ही बी१ च्या पेपरात हमखास भेटतात.

आणि दुसरा सापळा, ने लागला की आपलं क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जातं. त्याने पोळी खाल्ली, त्याने आंबे खाल्ले. स्पॅनिश असं कधीच करत नाही, एक माणूस असेल तर कोमियो, मग आंबा एक असो की पेटीभर. घाईत 'मी एर्मानो कोमिएरोन लोस मांगोस' लिहिणारी मुलं मी बघितली आहेत, आंबे अनेक म्हणून क्रियापदही अनेकवचनी. गुस्तारची सवय इतर क्रियापदांत घुसते ती अशी.

वालेन्सियाकर

मी बरीच वर्षं स्पेनमध्ये आहे, घरात मराठी आणि बाहेर स्पॅनिश, म्हणून दोन गोष्टी जोडते.

एक म्हणजे ए कोमीदो (मी खाल्लंय) वालं रूप, पेर्फेक्तो कोम्पुएस्तो. आमच्याकडे आजचं, या आठवड्यातलं, म्हणजे अजून न संपलेल्या काळातलं काही सांगायचं असलं की हेच, 'ओय ए कोमीदो पाएय्या', आणि काल म्हटलं की लगेच 'आयेर कोमी'. गालिसिया, आस्तूरियास आणि कॅनरी बेटांवर मात्र लोक आजचंही सरळ 'ओय कोमी' म्हणतात आणि लॅटिन अमेरिकेत बहुतेक ठिकाणी तसंच. दोन्ही बरोबर. फक्त एका उत्तरात एकच पद्धत धरून चला. मराठीवरून जाताना जपायचं ते इथे, आपण 'मी दोन वर्षांपूर्वी तिथे गेलेलो आहे' असं सहज म्हणतो, पण आसे दोस आन्योस आलं की स्पॅनिशमध्ये 'फुई', तिथे ए ईदो नको.

दुसरं, दुकानात. इथे भाजीवाल्याकडे कोणी किएरो (मला हवंय) म्हणत नाही असं नाही, पण 'केरीआ उन कीलो दे तोमातेस' जास्त कानावर पडतं. टोमॅटो आत्ता हवेत, तरी भूतकाळ. आपण वाण्याकडे 'अर्धा किलो साखर हवी होती' म्हणतो तेच की! हे मला कोणी शिकवलं नाही, ऐकल्याऐकल्या आपलंच वाटलं.

आणि वहीत कृपा करून देवनागरीत लिहू नका गं. मी बोलते ते आब्लो आणि तो बोलला ते आब्लो, देवनागरीत दोन्ही सारखंच दिसतं. पहिल्यात जोर आ वर, दुसऱ्यात शेवटच्या ओ वर आणि त्या ओ च्या डोक्यावर तिरकी रेघ. ती रेघ विसरलात तर काळही बदलतो आणि माणूसही. मराठीत जोराने अर्थ बदलत नाही म्हणून आपला कान तिकडे जातच नाही, मोठ्याने म्हणून बघितल्याशिवाय ते पक्कं होत नाही.

चाफेकळी

बाप रे, किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी, खूप खूप आभार. मग काय झालं ची चाळणी लगेच लावून बघितली, कालच्या गृहपाठात दोन सोडून सगळी रूपं बसली, आणि ती दोन्ही होता वालीच निघाली!

आता हावरटासारखं आणखी एक विचारते. सुबखुंतीबोला, म्हणजे इच्छा, शंका सांगताना येणाऱ्या क्रियापदाच्या रूपाला, पण मराठीचा असा काही आधार आहे का? किएरो के पर्यंत मी पोचते आणि पुढे तू बिएनेस (तू येतोस) लिहून मोकळी होते.

अक्षरओळख

आहे, आणि चांगला भक्कम आहे. तू यावंस असं मला वाटतं. हे यावंस म्हणजेच बेंगास. 'किएरो के बेंगास'. तू येतोस ही बातमी नाहीये, माझी इच्छा आहे, म्हणून मराठीसुद्धा येतोस म्हणत नाही. त्याने अभ्यास करावा, तिने लवकर बरं व्हावं, सगळ्यांनी शांत बसावं, अशी वाक्यं मनात आली की सुबखुंतीबो. ओखाला आलं तरी तेच, तो मूळ अरबीतून आलेला शब्द, देव करो आणि असं होवो या अर्थाचा.

पण तीन ठिकाणी सांभाळा. 'मला नाही वाटत तो येईल' मध्ये मराठी येईल वरच राहते, स्पॅनिश मात्र नकारामुळे बदलते, 'क्रेओ के बिएने' पण 'नो क्रेओ के बेंगा'. दुसरं, तू पोचलास की कळव. आपण अजून न घडलेल्या गोष्टीला पोचलास म्हणतो, भूतकाळाचं रूप, आणि त्या नादात लोक येगास्ते लिहितात. पाहिजे 'क्वांदो येगेस, आबीसामे'. पुढे व्हायचं असेल तर क्वांदोनंतर सुबखुंतीबो, फुतूरो (भविष्यकाळ) सुद्धा नाही. तिसरं, पाऊस पडला तर जाणार नाही, इथे परत मराठीत पडला, पण स्पॅनिशमध्ये साधा वर्तमानकाळ, 'सी युएबे, नो बोय'. या सी (जर) नंतर युएबा हे सुबखुंतीबोचं रूप कधीच येत नाही.

मिरज_मसाला

यात एक राहिलं. मुख्य क्रियापद भूतकाळात गेलं की स्पॅनिश मागचंही ओढत नेते, 'केरीआ के बिनिएरास'. मराठीत तू यावंस असं वाटत होतं, यावंस जागचं हलत नाही. बी१ ला हे थोडंच लागतं, बी२ ला रोज लागेल, तेव्हा बिनिएरोन, तुबिएरोन, इसिएरोन ही इंदेफिनीदोची अनेकवचनी रूपं आत्ताच घट्ट करून ठेवा, शेवटचं रोन काढून रा लावलं की कुठल्याही क्रियापदाचं हे रूप तयार. याला अपवाद नाही.