साडेआठ वर्षांचा मुलगा आणि रस्त्यापलीकडचं किराणा दुकान: एकटं कधी, कसं सोडायचं?

कोथरूड_तिसरा_मजला
मुलगा साडेआठ वर्षांचा. गेटपासून दुकान 200 मीटर. मध्ये साधारण सात मीटर रुंद रस्ता, दुभाजक नाही, सिग्नल नाही, दोन्ही कडांना गाड्या लावलेल्या. आजवर शाळेची व्हॅन गेटपर्यंत आणि खेळणं आवारात, तेही गॅलरीतून आमचं लक्ष ठेवून. सुरी, गॅस यांनाही हात लावू दिलेला नाही. आता तो दूध-ब्रेड एकटा आणतो म्हणतोय. आजी म्हणतात, बारा वर्षांचा होऊ दे. ‘मुलांना मोकळं सोडा हो’ छापाचे सल्ले नकोत. काय शिकवायचं आणि कोणत्या क्रमाने, तेवढं सांगा.

पायी_पायी
रस्त्याचंच सांगतो. बाकी ठिकाणी चुकलं तर खरचटतं, इथे तेवढ्यावर भागत नाही.

आधी हिशेब. मूल सेकंदाला साधारण एक मीटर चालतं, म्हणजे तुमचा रस्ता ओलांडायला सात सेकंद. ताशी 40 किलोमीटर वेगाची दुचाकी तेवढ्यात जवळजवळ 78 मीटर पुढे येते. पुण्याच्या सहा पीएमपी बस एकामागे एक लावल्या तर जेवढी लांबी होईल, त्याहून हे अंतर थोडं जास्तच. या वयाच्या मुलांना गाडी किती लांब आहे ते कळतं, किती वेगात येतेय ते नीट जोखता येत नाही. म्हणून ‘अंदाज घेऊन जा’ हे शिकवूच नका. दोन्हीकडे रस्ता रिकामा दिसला तरच निघायचं, मग पाच मिनिटं उभं राहावं लागलं तरी चालेल.

तुमच्याकडे खरी अडचण लावलेल्या गाड्यांची. दोन गाड्यांच्या फटीतून निघालेलं मूल चालवणाऱ्याला दिसतच नाही. म्हणून थांबे दोन. पहिला फुटपाथच्या कडेला: फटीलगतच्या गाडीत कोणी बसलंय का, इंजिन चालू आहे का, ते बघायचं, असेल तर दुसरी फट. दुसरा थांबा उभ्या गाडीच्या बाहेरच्या कडेशी, जिथून डोकं काढलं की रस्ता दिसतो. तिथे उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे बघायचं. उजवीकडे आधी, कारण आपल्या कडेची गाडी तिकडूनच येते. पण डावीकडचं टाळायचं नाही, रस्ता एकदिशा असला तरी. उलट्या दिशेने येणारा दुचाकीस्वार हा पुण्याचा कायमचा रहिवासी आहे.

आणखी एक, जे मोठ्यांनाही सुचत नाही. कारवाला थांबून हाताने ‘जा जा’ करतो, तेव्हा जायचं नाही. त्याच्या मागचा त्याला ओलांडून येतो, आणि त्याला हे मूल दिसलेलं नसतं.

सराव असा: तो पुढे, तुम्ही एक पाऊल मागे, तोंडाने काही बोलायचं नाही. त्याने मोठ्याने ‘आता’ म्हणायचं, चुकला तर त्याचा दंड धरून थांबवायचं. सलग दहा वेळा बरोबर आलं की तुम्ही अलीकडच्या कडेला उभं राहायचं, मग गेटशी. मध्ये एकदा चुकलं तर मागची पायरी. सुरुवात पावसाळ्यात करू नका. छत्री एक बाजू झाकते, आणि रेनकोटची टोपी मान वळली तरी जागीच राहते, मुलाला आतलं कापडच दिसतं.

फोडणीची_पळी
रस्त्याचा सराव चालू असतानाच सुरी हातात द्या, थांबू नका. पण धारेची द्या. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की ती टोमॅटोच्या सालीवरून घसरून बोटावर येते. पातं बोटभर लांबीचं, पाटाखाली ओलं फडकं, म्हणजे पाट सरकत नाही. आधी केळं, मग उकडलेला बटाटा, मग काकडी. गोल वस्तू आधी उभी चिरून सपाट बाजू खाली. धरणाऱ्या हाताच्या बोटांची टोकं आत वळलेली, अंगठा त्यांच्या मागे. विळी बरीच नंतर: तिथे पातं स्थिर आणि हात हलता, घसरला तर हातच पात्यावर जातो.

कापलं तर स्वच्छ कापड दहा मिनिटं दाबून धरायचं, दर मिनिटाला उघडून बघायचं नाही. भाजलं तर वीस मिनिटं नळाखाली. हळद, टूथपेस्ट, बर्फ काही नको.

चिंचेखाली
पायी_पायी यांची पद्धत बरोबर, पण वयाबद्दल मतभेद आहे. दुभाजक-सिग्नल नसलेला रस्ता साडेआठला मी एकट्यावर सोडणार नाही. दहाच्या आसपास बघा. तोवर सोसायटीच्या आतलं किंवा त्याच फुटपाथवरचं दुकान एकट्याने, अगदी आजपासून.

दुसरं म्हणजे, धोका मुलाला दिसतो का, हे बघा. झाडावर चढताना उंची दिसते, फांदी हलताना कळते, त्यातून ते शिकतं. विजेच्या डीपीची उघडी पेटी, जमिनीखालच्या टाकीचं झाकण, वेताळ टेकडीवरच्या खाणीतलं पाणी, यांत काही दिसत नाही आणि दुसरी संधीही नाही. तिथे सरळ बंदी, चर्चा नाही.

झाड चिंचेचं किंवा आंब्याचं. शेवगा आणि गुलमोहर नको, फांदी चटकन मोडते. दोन हात-दोन पाय यांतले तीन कायम टेकलेले. उचलून वर बसवायचं नाही, जिथवर स्वतः चढेल तिथूनच त्याला स्वतः उतरता येईल. आणि खालून ‘सांभाळून!’ ओरडू नका. मूल फांदी सोडून तुमच्याकडे बघतं. त्याऐवजी ‘डावा पाय कुठे ठेवणार?’ असं विचारा.

कोथरूड_तिसरा_मजला
धन्यवाद. दहाचं आजींना पटेल, मुलाला नाही. आमच्याच बाजूला एक डेअरी आहे, तिथून सुरू करतो. पैसे, फोन?

पायी_पायी
फोन नको, चालताना त्यात बघेल. नेमकी नोट आणि चिठ्ठी, दुकानदाराला आधी सांगून ठेवलेलं. निघण्याआधी एवढंच विचारा: डेअरी बंद असली तर काय करशील? ‘पुढच्या दुकानात जाईन’ म्हणाला तर आज तुम्हीही बरोबर जा. ‘घरी येईन’ म्हणाला तर पाठवा.