मदत हवी आहे: अडीच वर्षांच्या मुलाला रविवारी अंगभर गांधी उठतात, दूध बंद करूनही थांबत नाही

सुदामानगरची_आई (इंदूर):
कुणी लवकर सांगाल का? मुलगा अडीच वर्षांचा आहे. दोन महिन्यांत पाच वेळा अंगावर गांधी उठल्या. आधी ओठाच्या कडेला डास चावल्यासारखे दोन-तीन फुगवटे येतात, मग बघता बघता हनुवटी, मान, पोट. एक पापणी सुजते. दीड-दोन तासांत उतरतं. काल दोनदा उलटीही झाली. पहिल्यांदा कढी-भातानंतर झालं म्हणून घरच्यांनी दुधावर बोट ठेवलं. तीन आठवडे दूध, दही, पनीर सगळं बंद आहे, वजन चारशे ग्रॅम उतरलंय, आणि तरी काल परत तेच. वेगळं काही खात नाही हो. पोहे, वरण-भात, पोळी, भाजी, केळं. शेंगदाणे अजून दिलेलेच नाहीत. घरच्या घरी शोधायची काही पद्धत आहे का? उद्या पाळणाघरात सोडायचंय, तिथल्या ताईंना काय सांगू?

रामबागकर:
ताई, काळजी करू नका, हे दूध न पचणं. माझ्या नातवाला असंच होतं, पोट फुगायचं आणि जुलाब. लॅक्टोज नसलेलं दूध सुरू केलं, आठ दिवसांत ठणठणीत.

बडोदेकर_मीनल:
काका, दुधातली साखर न पचणं वेगळं आणि अ‍ॅलर्जी वेगळी. साखर पचली नाही तर गॅस, जुलाब होतात. त्यातून गांधी उठत नाहीत, पापणी सुजत नाही. ताई, एवढं सांगा: खाल्ल्यावर किती वेळात उठतं? आणि पाचही वार कोणते?

सुदामानगरची_आई:
दहा-पंधरा मिनिटांत. पहिला गुरुवार, बाकी चारही रविवार. पण रविवारी काही वेगळं नसतं.

पिंपळे_सौदागरचा_बाबा:
एवढं अंदाज बांधत कशाला बसायचं? रक्ताचं मोठं पॅकेज मिळतं, नव्वदेक पदार्थ एकदम तपासतात. आम्ही केलं तर गहू, टोमॅटो, केळं, बदाम सगळं निघालं. सगळं बंद केलं.

बडोदेकर_मीनल:
ते बहुधा आयजीजीचं पॅकेज असेल. आयजीजी आणि आयजीई ही रक्तातल्या दोन वेगळ्या प्रतिपिंडांची नावं. शरीराची ज्या अन्नाशी ओळख आहे त्याची आयजीजी रक्तात सापडतेच, त्याचा अर्थ अ‍ॅलर्जी नव्हे. तुमचं पोर रोज केळं खात असेल तर केळं निघणारच. मिनिटांत उठणाऱ्या अ‍ॅलर्जीसाठी आयजीई बघतात, तीही संशय असेल त्याच पदार्थाची. मी आहारतज्ज्ञ आहे. अशा रिपोर्टवरून गहू-दूध सगळं तोडून वाळलेली मुलं माझ्याकडे येतात, म्हणून इतक्या जोराने लिहितेय.

पिंपळे_सौदागरचा_बाबा:
आमच्या मुलीला फरक पडला, एवढंच मला माहीत.

लोकमान्यनगर_वहिनी:
ताई, रविवारचे पोहे घरचे की बाहेरचे?

सुदामानगरची_आई:
रोजचे मी करते. रविवारी सासरे कोपऱ्यावरून आणतात, जिलबीबरोबर. पण पोहे म्हणजे पोहेच ना.

लोकमान्यनगर_वहिनी:
आणि वर शेव?

सुदामानगरची_आई:
शेव तर असतेच की. इंदूरमध्ये शेवेशिवाय पोहे कोण देतं? दातांना कडक लागू नये म्हणून आजोबा गरम पोह्यांत अंगठ्याने दाबून दाबून ती मऊ करतात, मग घास भरवतात. घरी मी शेव घालत नाही, तिखट असते म्हणून.

लोकमान्यनगर_वहिनी:
कढीला काय लावता?

सुदामानगरची_आई:
डाळीचं पीठ.
अरे देवा.

बडोदेकर_मीनल:
आमच्याकडे सेव-उसळीनंतर अगदी असंच झालेलं एक मूल माहीत आहे, त्यात शेव आणि वाटाणा दोन्ही. हरभऱ्याची अ‍ॅलर्जी आपल्याकडे दिसते, फक्त पहिला संशय कायम दूध-शेंगदाण्यावर जातो. अर्थात पोह्यांवर भुरभुरतात तो जिरावण मसाला, तळणीचं तेल, कढईत आधी काय तळलं हेही उरतंच. आणखी एक विचारते. त्वचा कोरडी आहे का त्याची?

सुदामानगरची_आई:
चार महिन्यांचा असल्यापासून. कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या मागे खरबरीत चट्टे, खाजवून रक्त काढतो. म्हणून तर सासूबाई रविवारी डाळीचं पीठ आणि साय लावून आंघोळ घालतात. आता साय बंद, नुसतं पाण्यात कालवतात. पाठ लाल होते, पण ती घासल्यामुळे.

बडोदेकर_मीनल:
ताई, ते पीठ आजपासून बंद. भेगाळलेल्या त्वचेतून अन्नाचा कण आत गेला की शरीर त्याला शत्रू समजायला शिकू शकतं. तोच पदार्थ लहान वयातच पोटातून गेला तर सहसा सवयीचा होतो.

तुकोगंज_आजोबा:
हेच म्हणतो. थोडं थोडं पीठ पोटात देत राहा, सवय होईल. 2015 साली परदेशात 640 बाळांवर प्रयोग झाला, लहानपणी शेंगदाणा दिला तर अ‍ॅलर्जी कमी झाली.

बडोदेकर_मीनल:
आजोबा, तो प्रयोग खरा आहे, पण ती बाळं 4 ते 11 महिन्यांची होती आणि चाचणीत ज्यांना आधीच ठळक अ‍ॅलर्जी दिसली त्यांना त्यात घेतलंच नव्हतं. ती अ‍ॅलर्जी होऊच नये म्हणूनची गोष्ट आहे. या मुलाला गांधी आणि उलटी एकाच वेळी झाली, म्हणजे त्वचा आणि पोट दोन्हीकडे उठलं. त्याला घरी चिमूटभरही देऊन बघायचं नाही. परत असं झालं, आवाज बसला, खोकला लागला, पोर मलूल पडलं तर सरळ इस्पितळ. तिथे मांडीत अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन देतात. गांधीच्या गोळीने ते काम होत नाही.

रामबागकर:
आजकाल बेसनात वाटाण्याचं, लाखेच्या डाळीचं पीठ मिसळतात. जात्यावर दळायचो तेव्हा कुणाला हे नव्हतं. स्नेहलतागंजला एक चक्की आहे, डाळ नेऊन समोर दळून घ्या.

लोकमान्यनगर_वहिनी:
काका, चोख हरभऱ्यानेच त्रास होत असेल तर चोख दळून काय होणार?

सुदामानगरची_आई:
पाळणाघराचं सांगा कुणीतरी.

लोकमान्यनगर_वहिनी:
कागदावर लिहून द्या: शेव, फरसाण, भजी, ढोकळा, कढी, झुणका, पुरणपोळी, बेसन लाडू, फुटाणे, सत्तू, छोले. पाकिटावरच्या अ‍ॅलर्जीच्या ओळीवर विसंबू नका. आपल्या नियमांत दूध, अंडं, शेंगदाणे, सोयाबीन, ग्लूटेनची धान्यं अशी यादी आहे, तीत हरभरा नाही, तीळही नाही. घटकांची बारीक अक्षरं वाचावी लागतात. माझ्या मुलाला तिळाची आहे, सात वर्षं वाचतेय.

बडोदेकर_मीनल:
आणि वही घाला: वेळ, घास, अंगाला काय लावलं, किती मिनिटांत काय झालं. फुगवट्यांचा फोटो घेऊन ठेवा, दवाखान्यात पोहोचेपर्यंत उतरलेले असतात. त्वचेवर टोचून चाचणी करणार असतील तर गांधीचं औषध काही दिवस आधी थांबवावं लागतं, ते डॉक्टरांना विचारूनच. दुधाचंही त्यांनाच विचारा, असं तोडून ठेवू नका.

सुदामानगरची_आई (बारा दिवसांनी):
चाचणी झाली. हरभऱ्याच्या जागी मोठा फुगवटा, वाटाण्याच्या जागी लहानसा, दुधाच्या जागी काही नाही. डॉक्टरांनी दूध तिथेच समोर बसून प्यायला लावलं, दोन तास बसवून ठेवलं, काही झालं नाही. वाटाण्याचं नंतर त्यांच्या देखरेखीतच बघायचंय, तोवर बंद. चट्ट्यांना मलम सुरू आहे. सासूबाई त्या दिवशी डब्यातलं पीठ घेऊन कितीतरी वेळ ओट्याशी उभ्या होत्या, म्हणाल्या, मीच लावत होते गं. मी त्यांना सांगितलं, कढी मीच केली होती. रविवारचे पोहे आता घरी होतात. कोपऱ्यावर बिनशेवेचे मागितले तरी त्याच हाताने वाढतात. मीनलताई, वहिनी, तुम्ही विचारत राहिलात म्हणून शेव आठवली.

पिंपळे_सौदागरचा_बाबा:
मीनलताई, गहू परत सुरू करायचा असेल तर आधी कुणाला दाखवावं? मुलगी चार वर्षांची आहे, दीड वर्ष बंद आहे.