शब्दचर्चा: ‘लॅग’ आणि ‘लीड’ला मराठीत काय म्हणावं?

विचारणा, रावेरहून
केळीच्या रोजच्या भावाचा तक्ता मराठीत करतेय. रकाने तीन: तारीख, बाजार, भाव. आता प्रत्येक ओळीत आदला भाव (‘लॅग’) आणि नंतरचा भाव (‘लीड’) असे दोन रकाने जोडायचे आहेत. ‘लॅग’ला ‘विलंब’ चालेल का? ‘लीड’ला ‘आघाडी’ मात्र पटत नाही.

भुसावळहून
ताई, ‘विलंब’ नको. बऱ्हाणपूरकडे पाऊस झाला की हतनूर धरणात तापीचं पाणी चढायला वेळ लागतो, तो विलंब. तो किती, हे शोधायला आपण पावसाचा रकाना एकेक घर खाली सरकवतो आणि पाण्याच्या पातळीशी ताडून बघतो. सरकवलेला रकाना हे शोधायचं साधन आहे, त्यालाच विलंब म्हटलं तर दोन्ही गोष्टी एक होऊन बसतात. सरळ ‘मागील भाव’ आणि ‘पुढील भाव’ म्हणा. दोन घरं सरकवली तर ‘मागील २’. तिथे ‘परवाचा भाव’ लिहू नका. आपला ‘परवा’ होऊन गेलेलाही असतो आणि येणाराही.

धुळ्याहून
‘मागील’ मान्य, पण मागील काय? नोंद की दिवस? माझ्या मते चर्चा इथेच व्हायला हवी. समजा शनिवारी भाव १४००, रविवारची नोंदच नाही, सोमवारी १४५०. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतलं किंवा आर या आकडेवारीच्या भाषेच्या डीप्लायर या जोडसंचातलं लॅग तारीख बघत नाही, वरची ओळ उचलतं. सोमवारसमोर १४०० येईल आणि रकान्याचं नाव ‘कालचा भाव’ असेल तर ते खोटं ठरेल. स्टाटा या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये तारखेचा रकाना आधी नेमून दिला की त्याचं लॅग दिवस मोजतं; तिथे सोमवारसमोर रिकामी जागा येते. म्हणून पहिल्या प्रकाराला ‘मागील नोंद’ आणि दुसऱ्याला ‘मागील दिवस’ असं स्पष्ट लिहावं. वाचणाऱ्याला हिशेब कसा झाला ते नावावरूनच कळतं.

दिशेचंही तसंच. पायथन भाषेच्या पांडाज या संचात शिफ्टला (रकाना सरकवायच्या आज्ञेला) १ दिला की मागील, उणे १ दिला की पुढील. आरमधलं मूळ लॅग कालमालिकेवर (तारखांशी बांधलेल्या आकड्यांवर) उलट चालतं: १ दिला तर मालिका आधीच्या तारखांकडे सरकते, मागील किंमत हवी असेल तर उणे १ द्यावा लागतो. नुसतं ‘लॅग १’ लिहिलेला तक्ता हातात आला तर मी आधी दोन ओळी हाताने पडताळतो.

रावेरहून
भाऊ, ‘मागील नोंद’ नक्की केलं. बाजार तीन आहेत: चोपडा, यावल, रावेर. सगळे एकाखाली एक आहेत.

धुळ्याहून
मग आधी बाजारवार गट करा, गटात तारखेने लावा, आणि नंतरच सरकवा. नाहीतर यावलच्या पहिल्या ओळीत चोपड्याचा शेवटचा भाव येऊन बसेल आणि कुठेही चूक दाखवली जाणार नाही. प्रत्येक गटाची पहिली ‘मागील नोंद’ आणि शेवटची ‘पुढील नोंद’ रिकामीच राहणार. तिथे शून्य भरू नका, शून्य म्हणजे केळी फुकट गेली असा अर्थ होतो. अंदाज बांधणार असाल तर ‘पुढील नोंद’ हे ओळखायचं उत्तर आहे. ज्या रकान्यांवरून अंदाज बांधायचा त्यांत ती घेऊ नका.