यवतमाळच्या एजंटकडून यूकेचा अर्ज : ४० हजार रोख आणि मूळ गुणपत्रिका द्यायच्या का?

आर्णीकर विचारतात :

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीचं अमरावती विद्यापीठातून बीई कॉम्प्युटर झालं. ७.१ सीजीपीए, एक विषय राहिला होता तो निघाला. तिला यूकेत एक वर्षाचं एमएससी करायचं आहे, डेटा सायन्समध्ये, येत्या सप्टेंबरला. यवतमाळच्या एका कन्सल्टन्सीनं चार विद्यापीठांची यादी हातात दिली. प्रोसेसिंग फी ४० हजार, त्यातले २० आत्ताच, रोख. बारावी आणि बीईच्या मूळ गुणपत्रिका, पासपोर्ट त्यांच्याकडे ठेवायचा. अर्जाचा ईमेल तेच उघडणार. बँकेत शिल्लक दाखवायची ‘सोय’ पण तेच करून देणार म्हणतात.

घरी साडेसहा एकर कोरडवाहू. सातबारा बाबांच्या नावानं, त्यावर पीककर्जाचा बोजा. कापसाचा चुकारा खात्यात येतो, सोयाबीनचे पैसे अडत्याकडून रोख. जात अनुसूचित, उत्पन्न आठ लाखांच्या आत. एजंट लागतोच का? लागत असेल तर यातलं काय मान्य करायचं आणि काय नाही?

खिडकी_क्रमांक_३ :

भाऊ, एजंट लागतोच असं नाही. यूकेत एमएससीचा अर्ज थेट विद्यापीठाच्या संकेतस्थळावर होतो आणि बऱ्याच ठिकाणी त्याला शुल्कही नसतं. लागतं एवढंच : पासपोर्ट, गुणपत्रिका आणि ट्रान्सक्रिप्टचं (सगळ्या सत्रांच्या गुणांचा विद्यापीठानं दिलेला अधिकृत उतारा) स्कॅन, दोन शिफारसपत्रं, एक-दीड पानाचं हेतुपत्र (हा अभ्यासक्रम का करायचा ते सांगणारं) आणि इंग्रजीचा पुरावा. ट्रान्सक्रिप्ट अमरावती विद्यापीठातून काढावी लागते. तिला वेळ जातो, म्हणून तो अर्ज सगळ्यात आधी टाका.

आता एजंटचं पोट कशावर चालतं ते समजून घ्या, म्हणजे त्याची यादी वाचता येईल. मुलगी दाखल झाली की विद्यापीठ एजंटला कमिशन देतं, पहिल्या वर्षाच्या फीच्या साधारण १० ते ३० टक्के. फी १६,००० पौंड आणि दर १५ टक्के धरला तरी २,४०० पौंड होतात, म्हणजे अडीच लाखांच्या वर. तुमचे ४० हजार त्याच्या वर. जे विद्यापीठ कमिशन देत नाही किंवा कमी देतं, ते यादीत येतच नाही. यादी खोटी नसते, अपुरी असते. त्याला सरळ विचारा, ‘या चारही ठिकाणी तुम्हाला कमिशन आहे का? नसलेल्या दोन ठिकाणी अर्ज भराल का?’ उत्तर ऐकलं की माणूस कळतो.

दुसरं, तालुक्या-जिल्ह्याच्या ठिकाणची बरीच दुकानं उप-एजंट असतात. करार मोठ्या शहरातल्या कंपनीचा असतो, हे फक्त मुलं पुढे पाठवतात. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर भारताच्या पानावर अधिकृत प्रतिनिधींची यादी असते, त्यात नाव बघा. नसेल तर आंतरराष्ट्रीय विभागाला दोन ओळींचा ईमेल टाका : ही संस्था तुमची प्रतिनिधी आहे का?

ईमेलवर मात्र अडून बसा. विद्यापीठाचं पोर्टल, ऑफर, सीएएस क्रमांक (व्हिसासाठी विद्यापीठ देतं ते प्रवेशाचं पत्र), व्हिसाची तारीख सगळं त्या एका ईमेलवर येतं. तो त्यांच्या ताब्यात असला की नकार आलेला दडवता येतो, तिनं न लिहिलेलं हेतुपत्र चढवता येतं, दुसऱ्या विद्यापीठाची ऑफर आली हेही तुम्हाला कळत नाही. ईमेल बहिणीचा, पासवर्ड बहिणीचा, मोबाइल क्रमांकही तिचाच. त्यांना बघायचंच असेल तर ती ईमेल पुढे पाठवेल.

मूळ कागद कोणालाच देऊ नका. अर्जाला स्कॅन चालतं. पासपोर्ट फक्त व्हिसा केंद्राच्या खिडकीवर द्यायचा. मूळ गुणपत्रिका ‘सुरक्षिततेसाठी’ ठेवून घेणं म्हणजे मुलगी दुसरीकडे जाऊ नये म्हणून घातलेली अडवणूक आहे.

खातेउतारा :

मी फक्त पैशाच्या बाजूचं लिहितो, कारण यूकेचा व्हिसा जास्त करून तिथंच अडकतो.

व्हिसासाठी दोन रकमा दाखवायच्या : पहिल्या वर्षाची उरलेली फी आणि नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च. नोव्हेंबर २०२५ पासून लंडनबाहेर महिन्याला १,१७१ पौंड, म्हणजे नऊ महिन्यांचे १०,५३९. लंडनमध्ये १,५२९ च्या दरानं १३,७६१. समजा फी १७,००० आणि ४,००० आधी भरले, तर १३,००० अधिक १०,५३९, एकूण २३,५३९ पौंड. रुपयांत साधारण २८ लाख, पौंडाच्या भावाप्रमाणे कमी-जास्त. भरलेले ४,००० सीएएसवर नोंदलेले असले पाहिजेत किंवा विद्यापीठाची पावती हवी, नाहीतर ते मोजले जात नाहीत. आरोग्य अधिभार (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसाबरोबर भरायचा) वेगळा : वर्षाला ७७६ पौंड, एक वर्षाच्या एमएससीला व्हिसा पुढे चार महिने जास्तीचा मिळतो म्हणून एकूण १,१६४.

फी आणि राहण्याच्या खर्चाची ही रक्कम सलग २८ दिवस खात्यात पडून लागते. एका दिवशी जरी खाली गेली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. उदाहरण घ्या : १ जुलैला रक्कम पूर्ण झाली, २८ जुलैपर्यंत हलली नाही, स्टेटमेंट २८ तारखेपर्यंतचं काढलं, तर व्हिसा शुल्क २८ ऑगस्टच्या आत भरलं गेलं पाहिजे. ३१ दिवसांपेक्षा जुनं स्टेटमेंट चालत नाही. पौंडाचा भाव अर्जाच्या दिवशीचा धरतात, म्हणून काठावर रक्कम ठेवू नका, लाख-दीड लाख वर असू द्या.

खातं बहिणीचं किंवा आई-वडिलांचं. मामा, काका, मोठा भाऊ यांच्या खात्यातली शिल्लक चालत नाही, आणि इथंच आपल्याकडची बरीच घरं फसतात. शेत, घर, शेअर यांचं मूल्यांकनही यात धरत नाहीत. एजंट सातबाऱ्यावरून अभियंत्याचा व्हॅल्युएशन रिपोर्ट काढायला लावतो, त्याचे पैसे घेतो. यूकेसाठी तो कागद कामाचा नाही.

‘सोय’ म्हणजे काय, तर कोणी महिनाभरासाठी खात्यात पैसे टाकतो, व्याज घेतो, आणि सही केलेले कोरे धनादेश ठेवून घेतो. काही ठिकाणी तर स्टेटमेंटच बनवलेलं असतं. व्हिसा कार्यालय बँकेकडून पडताळणी करतं. बनावट कागद निघाला तर अर्ज फेटाळतात आणि १० वर्षांची बंदी लागू शकते. ती बंदी बहिणीच्या नावावर बसते, एजंटच्या नाही. याला स्पष्ट नाही म्हणा.

कर्जाचं सांगतो. ‘सातबाऱ्यावर शैक्षणिक कर्ज काढून देतो’ असं कोणी म्हणालं तर जपून. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला सरकारी बँका साधारणपणे तारण मागतात, आणि शेतजमीन तारण म्हणून घेत नाहीत. बँकांच्या वसुलीच्या २००२ च्या सरफेसी कायद्याचं कलम ३१ शेतजमिनीला वगळतं, म्हणून त्या कायद्याखाली वसुलीत ती बँकेला विकता येत नाही. तुमच्यावर तर पीककर्जाचा बोजाही आहे. गावठाणातल्या घराचा नमुना आठ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही. बँक मिळकत पत्रिका मागेल. अकृषक प्लॉट, मुदत ठेव, विमा पॉलिसी हे चालतं. कर्ज मंजूर झालं तर त्या पत्राला २८ दिवसांची अट नाही. फक्त पत्र अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतलं हवं आणि कर्ज बहिणीच्या नावानं हवं.

सोयाबीनचे पैसे यापुढे खात्यातच घ्या. बाजार समितीच्या हिशेबपट्ट्या आणि चुकाऱ्याच्या नोंदी जुळल्या की बँकेत आणि पुढे मुलाखतीतही ‘पैसा कुठून आला’ याचं उत्तर देता येतं.

समतादूत_वर्धा :

वरच्या दोघांनी एक गोष्ट सोडली आणि या घरासाठी तीच सगळ्यात मोठी आहे. अनुसूचित जाती आणि उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर एजंटच्या आधी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती बघा. दरवर्षी ७५ विद्यार्थी. शिक्षण शुल्क, निर्वाह भत्ता, विमानभाडं, आरोग्य विमा हे सगळं त्यात येतं. पदव्युत्तरला वयोमर्यादा ३५. पण विद्यापीठ क्यूएस या जागतिक क्रमवारीत पहिल्या २०० मध्ये लागतं, आणि ऑफर विनाअट लागते.

आता एजंटची यादी काढा आणि चारही नावांसमोर क्यूएस क्रमांक लिहा. एकही २०० च्या आत नसेल तर त्या यादीतून प्रवेश घेणं म्हणजे शिष्यवृत्तीचा अर्जच बाद करून घेणं. ७.१ ला पहिल्या २०० मधली काही विद्यापीठं अवघड जातील, हे खरं. तरीही तिनं स्वतः पाच-सहा अर्ज टाकावेत. फार तर काही शुल्क जाईल.

‘विनाअट’ म्हणजे काय ते नीट बघा. ऑफरमध्ये ‘अंतिम पदवी प्रमाणपत्र द्या’, ‘आयईएलटीएस (इंग्रजीची परीक्षा) द्या’, ‘ठेव भरा’ अशी ओळ असेल तर ती सशर्त आहे. बहिणीची पदवी झालेली आहे, तेव्हा पदवी प्रमाणपत्र आणि इंग्रजीचा निकाल चढवून विद्यापीठाला अट काढायला सांगायचं. ठेवीची अट असेल तर ‘शासकीय शिष्यवृत्तीचा निर्णय बाकी आहे, तोवर मुदत द्या’ असं लिहून मागायचं. बरीच विद्यापीठं ऐकतात. जात वैधता, उत्पन्नाचा तहसीलदाराचा दाखला, अधिवास हे आजच हातात घ्या. जाहिरात निघाल्यावर सेतू केंद्रात रांग लागते आणि मुदत निघून जाते. जाहिरातीतल्या अटी त्या वर्षीच्या वाचा, बदल होत असतात.

कोरडवाहू_अभियंता :

यूके हट्टच नसेल तर जर्मनीचाही विचार करा. सरकारी विद्यापीठांत बहुतेक राज्यांत शिक्षण शुल्क नाही, बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये सत्राला १,५०० युरो. एपीएस प्रमाणपत्र (आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं) १८,००० रुपये, गोठवलेल्या खात्यात (आधी भरून ठेवायचे, तिथं दरमहा ठरावीक काढता येतात) वर्षाचे ११,९०४ युरो. तिथं सरकारी विद्यापीठ एजंटला कमिशन देत नाही, म्हणून कन्सल्टन्सीवाला जर्मनी म्हटलं की खासगी विद्यापीठच पुढे करतो. हे ध्यानात ठेवून बोला.

आर्णीकर :

सगळ्यांचे मनापासून आभार. यादी तपासली, चारही २०० च्या बाहेर आहेत. दोन अडचणी. एक म्हणजे, एजंटनं एका विद्यापीठात तिचा अर्ज आधीच टाकला आहे, आमच्याकडून पाच हजार रोख घेऊन. पावती नाही. दुसरी, बहिणीच्या जन्माच्या दाखल्यावर नावाची जागा कोरी आहे. बाबांचं खातं दाखवायचं तर तो लागेल ना?

खिडकी_क्रमांक_३ :

त्या विद्यापीठात आता नव्यानं स्वतः अर्ज टाकू नका, दुबार म्हणून दोन्ही अडकतील. बहिणीच्या स्वतःच्या ईमेलवरून प्रवेश विभागाला लिहा : नाव, जन्मतारीख, अर्ज क्रमांक, ‘या अर्जावरून प्रतिनिधीचं नाव काढावं आणि पत्रव्यवहार माझ्या ईमेलवर करावा’. पासपोर्टच्या पहिल्या पानाचं स्कॅन जोडा. काही ठिकाणी यासाठी वेगळा फॉर्म असतो, तो ते पाठवतील. बाकीच्या विद्यापीठांत ती मोकळी आहे.

पाच हजारांची पावती आजच व्हॉट्सअ‍ॅपवर मागा : ‘अमुक तारखेला ५,००० रोख दिले, जीएसटीची पावती पाठवा’. नुसतं ‘हो’ आलं तरी तो लेखी पुरावा झाला. पैसे परत द्यायला नकार दिला तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार, मग यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथं शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. आणि पुढे कोणाशीही व्यवहार केला तर परतावा कधी, किती, हे कागदावर आल्याशिवाय रुपया देऊ नका.

खातेउतारा :

बाबांचं खातं दाखवलं तर दाखला लागतो, त्यावर बहिणीचं आणि बाबांचं अशी दोघांची नावं हवीत, आणि बाबांचं संमतिपत्रही. सोपा मार्ग असा : रक्कम बहिणीच्या स्वतःच्या बचत खात्यात वळती करा आणि २८ दिवस तिथं राहू द्या. मग नात्याचा पुरावा लागत नाही. खात्यावर तिचं नाव हवं आणि ते पासपोर्टप्रमाणे. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, बँकेत कोणी तसंच भरलं असेल तर आधी दुरुस्त करून घ्या, पैसे नंतर टाका. दाखल्यावर नाव चढवायला ग्रामपंचायतीत अर्ज मात्र टाकून ठेवा.