मदत हवी: फायटिंग गेममधल्या इओरीचा मोठा सुपर (खास जोरदार चाल) निघतच नाही, शनिवारी मॅच आहे

गंगाखेड_एक्सप्रेस
चार दिवस झाले इओरीचा मोठा सुपर, याओतोमे, मारायलो, एकदाबी निघंना. व्हिडिओ बघून बघून डोळे गेले. खाली, खाली-पुढं, पुढं, अन् तिथून उलटं फिरवत मागं, मग ठोसा. एवढंच हाय ना? तेवढंच करायलो. दर वेळी तो नुसता हात उगारतो अन् समोरचा मला धरून आपटतो.
शनिवारी मामाचं पोरगं पुण्याहून यायलंय. पाच गेम आधी जिंकंल तो जिंकला, अन् हारंल त्यानं स्टँडवर सगळ्या पोरायला सुशीला अन् भजे खाऊ घालायचे. आठ जण हायत. लवकर सांगा. "प्रॅक्टिस कर" म्हणू नका, तेच करायलो.

सरळ_मुद्दा
गेम कोणता?

गंगाखेड_एक्सप्रेस
इओरी म्हणलं ना. सगळ्या गेमातले लोक एकत्र असतात तो. क्रॉसओव्हर.

ग्रूव्ह_गुरू
म्हणजे कॅपकॉम व्हर्सेस एसएनके २. २००१ चा गेम, अजूनही त्याला तोड नाही. आता नीट ऐका, तुमची अडचण शंभर टक्के ग्रूव्हची, म्हणजे निवडलेल्या खेळायच्या पद्धतीची आहे. त्यात सी, ए, पी, एस, एन आणि के असे सहा ग्रूव्ह आहेत आणि प्रत्येकाचा मीटर, म्हणजे सुपरसाठी भरणारा बार, वेगळ्या तऱ्हेने चालतो. के घेतला असेल तर मार खाल्ल्यावर किंवा अगदी ऐनवेळी ब्लॉक केल्यावर मीटर भरतो आणि तो भरला की रागाच्या अवस्थेतच सुपर निघतो. एन घेतला तर साठा करून ठेवता येतो. इओरीला मी तरी एन देईन. काही लोक के म्हणतील, त्यांच्याशी मी २००४ पासून भांडतोय. हलकी, मधली, जोरदार यांतली कोणती पंच कळ दाबताय तेही कळवा.

गंगाखेड_एक्सप्रेस
दादा माझ्याकडं चारच बटनं हायत. ए बी सी डी. ९७ हाय.

ग्रूव्ह_गुरू
मग आधी सांगायचं ना. एवढं टाइप केलं मी.

सरळ_मुद्दा
किंग ऑफ फायटर्स ९७. छान. आता पुढचं: पीसी, प्लेस्टेशन की मोबाइल? कंट्रोलर की कीबोर्ड? डावीकडून खेळतोस की उजवीकडून?

व्याकरणवाला
मूळ प्रश्न बाजूला ठेवून एक दुरुस्ती. ९७ ला क्रॉसओव्हर म्हणणं चूक आहे. क्रॉसओव्हर म्हणजे दोन वेगळ्या कंपन्यांची पात्रं समोरासमोर, उदाहरणार्थ मार्व्हल विरुद्ध कॅपकॉम. ९७ मध्ये सगळे एसएनकेचेच. एका घरातल्या जावाजावांच्या भांडणाला आपण दोन गावांची मारामारी म्हणत नाही.

निळी_ज्योत
घर एक असलं तरी चुली वेगळ्या होत्या की! टेरी, अँडी, जो आणि माई हे एसएनकेच्याच फेटल फ्युरी या गेमचे. रॉबर्ट, युरी, किंग आर्ट ऑफ फायटिंगचे. राल्फ आणि क्लार्क इकारी वॉरियर्समधून आले, अथेना सायको सोल्जरमधून. १९९४ च्या पहिल्या भागात या सगळ्यांना एका रिंगणात आणलं, मालिकेचा पायाच तो. गंमत म्हणजे ज्याच्यावरून हा धागा निघाला तो इओरी बाहेरून आलेला नाही. तो याच मालिकेसाठी घडवला, १९९५ च्या भागात पहिल्यांदा दिसला.

व्याकरणवाला
मग इओरीपुरतं तरी माझंच बरोबर.

गंगाखेड_एक्सप्रेस
अहो शनिवार यायलाय!! लॅपटॉप हाय, दाजीचा. कीबोर्डवर खेळतो. गेम दाजीनंच सेलमधी घेतलेला, ते २०१८ वालं ऑनलाइनचं. डावीकडून.

उदगीरचे_आप्पा
कीबोर्ड? बाळा, तिथंच चुकलं तुझं. आम्ही स्टँडच्या मागं एका पत्र्याच्या शेडात शिकलो हा गेम. एक रुपयाचं कॉइन. मशीनच्या काठीचा गोळा कवाच गेला होता, नुसती सळई उरली होती, तिला कुणीतरी सायकलची ट्यूब गुंडाळली होती. डी बटन दाबलं की आतच राहायचं, मग नखानं उपसून काढायचं. त्या मशीनवर मी याओतोमे मारलाय. नाव कुणाला म्हाईत होतं तवा? पाठीवर चंद्रकोर म्हणून इओरीला "चंद्रवाला" म्हणायचो अन् त्याच गेममधल्या क्योला "सूर्यवाला". लाइट गेली की गेम गेला अन् रुपयाबी गेला, मालक परत द्यायचा नाही. तू एक स्टिक घे. हाताला वळण आपोआप लागतं. कीबोर्डवर असलं काही होत नसतं.

तीन_बोटं
आप्पा, आठवण लाखमोलाची, पण शेवटचं वाक्य साफ चूक. काठीच नसलेले, नुसत्या बटनांचे कंट्रोलर घेऊन लोक स्पर्धा जिंकतात आज. दिशांची चार बटनं म्हणजे कीबोर्डच झाला. पोराला शनिवारच्या आत हजारोंचा खर्च कशाला लावता?

गंगाखेड, नीट वाच. कीबोर्डवर "तिरपं" असं बटन नसतं. तिरपं म्हणजे दोन कळा एकाच वेळी दाबलेल्या. तू बहुतेक खाली सोडून मग पुढं दाबत असशील, त्यामुळे मधला तिरपा गेमला दिसतच नाही. डाव्या बाजूला उभा आहेस असं धरून सांगतो. पहिलं बोट डाव्या बाणावर, मधलं खालच्यावर, तिसरं उजव्यावर, तिन्ही कायम टेकलेली.

मधलं दाब. ते न सोडता तिसरं दाब. आता मधलं उचल, म्हणजे फक्त पुढं राहिलं. परत मधलं दाब, तिसरं अजून खालीच आहे. आता तिसरं उचल. पहिलं दाब. मधलं उचल. फक्त मागं राहिलं की लगेच ए किंवा सी, म्हणजे ठोसा.

म्हणजे मधलं बोट दोनदा खाली जातं, बाकीची दोन एकेकदा. तबल्यावर बोल बसवतात तसं आधी सावकाश बसव, गेम बंद ठेवून टेबलावर केलंस तरी चालेल. उजव्या बाजूला गेलास की सगळं उलटं, कारण "पुढं" म्हणजे इओरीचं तोंड जिकडं आहे ते.

उदगीरचे_आप्पा
टेबलावर! आमच्या वेळी टेबलावर फक्त कॅरम होता.

पाच_मिनिटांत_पारंगत
एवढा आटापिटा कशाला? स्ट्रीट फायटर ६ घ्या, मॉडर्न कंट्रोल लावा, दोन बटनं एकत्र दाबली की सुपर. २०२४ मध्ये टेरी आलाय त्यात, २०२५ मध्ये माईसुद्धा. एसएनकेची हौस तिथं भागते.

सरळ_मुद्दा
त्याच्या मामाचा पोरगा ९७ खेळणार आहे. हा स्ट्रीट फायटर घेऊन बसला तर एकट्यानंच भजी खाईल.

काळजीवाहू_काका
तुझं वय किती रे? बारावीला असशील तर लातूरकडची पोरं आत्ता काय करत असतील याचा विचार कर. बोटांचे व्यायाम नंतरही होतात.

गंगाखेड_एक्सप्रेस
काका मी आयटीआय करून कामाला लागलोय. वेल्डिंग.

तीन बोटं दादा, तुमचं केलं. दोन तास. आता नुसता हात उगारणं बंद झालं, पण याओतोमे तरीबी नाही. आता तो दुसरीच चाल मारायलाय, ती तीनदा दाबायची असती बघा, तिसऱ्याला उडी घेऊन दोन्ही हात वरून आणतो ती. तिचा पहिलाच ठोसा येतो अन् थांबतो. गेमच खराब हाय का? दाजी म्हणालेत परत डाउनलोड कर. ते कराय गेलो तर आमच्या नेटवर शनिवार उजाडंल.

निळी_ज्योत
काही डाउनलोड करू नकोस. हे चांगलं लक्षण आहे. जी चाल येतेय ती आओइ हाना. इओरीच्या चालींना आकडे आहेत, ही १२७ वी. जमिनीवरून ज्वाळ जाते ती १०८, वर उसळतो ती १००, पळत येऊन धरतो ती २१२, आणि तुला हवी ती १२११.

आता बघ, आओइ हाना निघते खाली, खाली-मागं, मागं आणि ठोसा यावर. आणि याओतोमेचं शेपूट काय आहे? खाली, खाली-मागं, मागं, ठोसा. अगदी तेच. म्हणजे तुझा शेवटचा अर्धा भाग गेमला बरोबर पोचतोय. मग दोनच शक्यता. एक तर पहिला अर्धा अजून कच्चा आहे, नाहीतर तुझ्याकडे सुपरला लागणारी ताकदच शिल्लक नाही आणि गेम तुला शेपटाची चाल देऊन बोळवतोय. सुपर मारताना खालचा पॉवरचा बार काय दाखवत होता?

स्वस्त_कीबोर्ड
तिसरी शक्यता. काही कीबोर्डवर ठरावीक तीन कळा एकदम दाबल्या की तिसरी पोचतच नाही. वही उघडून, म्हणजे नोटपॅड, तीन-तीन अक्षरं एकदम दाबून बघा.

गंगाखेड_एक्सप्रेस
नोटपॅडमधी तिन्ही येतात.

बार म्हणजे ते खालचं का? त्याच्याकडं कोण बघतंय, मी बोटाकडं बघतो. भरतं ते हळूहळू, कवा कवा चमकतं, मग परत रिकामं. मामाच्या पोराचं येगळंच हाय, त्याचं भरलं की बाजूला गोळा जमा होतो. गेल्या टायमाला त्याच्याकडं तीन होते. मला वाटलं तो उजवीकडं बसतो म्हणून तसं.

अन् अजून एक, त्याचा इओरी पळतो. माझा पळतच नाही, पुढं दोनदा दाबलं की बेडकावानी एक उडी मारतो. लॅपटॉप जुना हाय म्हणून असंल.

सरळ_मुद्दा
थांब थांब थांब. टीम निवडायच्या आधी दोन पर्याय येतात. तू कोणता दाबतोस?

गंगाखेड_एक्सप्रेस
एक्स्ट्रा. पहिल्या दिवसापासून. एक्स्ट्रा म्हणल्यावर जास्तीचं कायतरी देत असतील ना.

सरळ_मुद्दा
चार दिवस, हा पूर्ण धागा, आणि उत्तर त्या बेडकात होतं.

लॅपटॉप ठणठणीत आहे. अ‍ॅडव्हान्स्ड घेतलं की खेळाडू पळतो, एक्स्ट्रामध्ये उडी घेऊन सरकतो. अ‍ॅडव्हान्स्डमध्ये मारामारी करत राहिलं की बार भरतो आणि साठा जमतो, जास्तीत जास्त तीन, आणि एक गोळा खर्चून सुपर हवा तेव्हा मारता येतो. एक्स्ट्रामध्ये साठा नाही. बार पूर्ण भरून चमकत असेल त्या थोड्या वेळातच सुपर निघतो. तू बोटांकडं बघत बसलास, तेवढ्यात चमक संपली. मग गेमने तुला १२७ वी दिली, निळी ज्योत म्हणाली तशी. आजपासून अ‍ॅडव्हान्स्ड घे, विषय संपला.

उदगीरचे_आप्पा
असं कसं संपला? एक्स्ट्रात ए, बी, सी तिन्ही दाबून धरले की बार आपल्या हातानं भरता येतो, ते सांगा की पोराला. अन् जीव शेवटाला येऊन लुकलुकाय लागला की बार रिकामा असला तरी सुपर निघतो, पाहिजे तेवढ्या टायमाला. आमच्या शेडात लोक मुद्दाम मार खाऊन तिथपर्यंत यायचे. समोरचा जवळ यायलाच भ्यायचा. मी आजबी एक्स्ट्राच घेतो.

ग्रूव्ह_गुरू
कॅपकॉम व्हर्सेस एसएनके २ मधला एस ग्रूव्ह म्हणजे हाच एक्स्ट्रा. म्हणून म्हटलं होतं, अडचण ग्रूव्हचीच आहे.

सरळ_मुद्दा
बंद घड्याळही दिवसातून दोनदा बरोबर असतं, गुरू.
आप्पा, तुमची गोष्ट वेगळी. ज्याचा सुपर दहातून एकदा निघतो त्यानं जीव लुकलुकेपर्यंत मार खाल्ला तर तो सरळ मरेल.

तीन_बोटं
अ‍ॅडव्हान्स्डच घे. आणि उघड्यावर याओतोमे मारू नकोस. समोरच्यानं ब्लॉक केला तर इओरी त्याच्यासमोर नुसता उभा राहतो, मग तो हवं ते करतो. उडी मारून लाथ, उतरल्यावर जवळून उभ्यानंच सी, आणि तो लागला की त्याच झटक्यात सुपरचं वळण. सी लागलाय हे दिसेपर्यंत थांबलास तर उशीर होईल, बोटं आधीच फिरायला लागली पाहिजेत.

कोड_कलेक्टर
वेड्या झालेल्या इओरीला निवडायचा कोड हवाय का कुणाला? जो शेवटच्या शत्रूच्या, ओरोचीच्या आधी येतो तो.

गंगाखेड_एक्सप्रेस
नको, हाच सांभाळंना.

निघाला!!!!! अ‍ॅडव्हान्स्ड घेतलं, एक गोळा होऊ दिला, मधलं बोट दोनदा, अन् धाडकन. भाचा झोपला होता, तो उठून रडायलाय, ताई ओरडायली. दहातून सहा यायलेत. हे डावीकडून, उजवीकडून दोनच आले. सगळ्यायचे आभार, तीन बोटं दादा अन् निळी ज्योत ताईचे जास्त.

पण आता येगळीच पंचाईत. एक्स्ट्रात ए अन् बी संग दाबलं की तो जाग्यावर अंग चोरायचा, अन् त्याची ज्वाळ अंगावरून जायची. तीच सवय लागली. आता तेच दाबलं की लोळत लोळत पुढं जातो अन् थेट त्याच्या तावडीत. परवा मॅच हाय. काय करू?

निळी_ज्योत
दादा आहे मी. असो.
लोळणं वाईट नाही, ज्वाळेच्या आरपार पुढं जाता येतं. पण तो जवळ उभा असताना लोळू नकोस, उठताना तुला सहज धरेल. दोन दिवस बचावाला फक्त मागचा बाण वापर, ए-बी विसर.

व्याकरणवाला
याला "लोळणं" नव्हे, "कोलांटी" म्हणावं.

सरळ_मुद्दा
उजवी बाजू पक्की कर आधी. पुण्याचा पाहुणा पहिल्याच गेमला उडी मारून तुझ्या पाठीमागं जाईल.

उदगीरचे_आप्पा
स्टँड कोणतं, गंगाखेडचं का परभणीचं? शनिवारी मला परभणीला काम हाय. कोणीबी हारा, नववी प्लेट माझी धरा.

गंगाखेड_एक्सप्रेस
परभणीचं. संध्याकाळी सहाला या आप्पा. पण मी हारलो तर तुमची प्लेट तुम्हीच द्यायची.